बाद झालेल्याचा दुसरा जन्म

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या सकाळी मैदानावर पाऊल टाकलं की पोरं आधी टेबलाकडे धावतात. टेबलावर गुणपत्रिकांचा गठ्ठा असतो, पंचांच्या शिट्ट्या असतात आणि पुठ्ठ्याला टाचलेला एक कागद असतो. कागदाच्या डाव्या कडेला संघांची नावं एकाखाली एक लिहिलेली. दोन-दोन नावांना जोडणारे कंस उजवीकडे सरकत जातात, सरकता सरकता निम्मे होतात आणि शेवटी एकच रेघ उरते. तिच्यावर अजून काहीच लिहिलेलं नसतं. या कागदाला कबड्डीवाले भाग्यपत्रिका म्हणतात. नाव ऐकून कुणाला कुंडली आठवेल, आणि तसं बघितलं तर ही त्या दिवसाची कुंडलीच असते. कोण कुणाशी भिडणार, कुणाला न खेळताच पुढे चाल मिळणार, तगडा संघ पहिल्याच फेरीत कुणाच्या वाट्याला येणार, सगळं चिठ्ठ्या उचलून ठरलेलं असतं.

समजा स्पर्धा रोह्याला आहे. पेणची पोरं सकाळी लवकर निघतात. कासू, नागोठणे, निडी करत गाडी रोह्याला पोचते आणि स्टेशनवरून पिशव्या खांद्यावर टाकून सगळे मैदान गाठतात. पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे, रोह्याला चिंतामणराव देशमुखांच्या नावाचं. दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठाचा पसारा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, म्हणून आंतरमहाविद्यालयीन खेळ आधी विभागात होतात आणि जिंकणारे पुढे जातात. विभागातली ही फेरी म्हणजे शिडीची पहिली पायरी.

त्या कागदापाशी उभं राहून एक साधा प्रश्न विचारून बघा. अकरा संघ आले आहेत आणि पद्धत आहे बाद पद्धत, म्हणजे हरला तो घरी. तर विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती होतील?

बहुतेक जण बोटं मोडत फेऱ्या मोजायला लागतात. अकराच्या जोड्या जुळत नाहीत. जोड्या शेवटपर्यंत जुळत राहायच्या तर संघ दोन, चार, आठ, सोळा असे हवेत. अकराच्या पुढचा असा आकडा सोळा, म्हणून पाच जागा रिकाम्या राहतात आणि पाच संघांना पुढे चाल मिळते. उरलेल्या सहांचे तीन सामने. तीन जिंकलेले आणि पाच पुढे चाल मिळालेले मिळून आठ. मग उपउपांत्य फेरीचे चार, उपांत्य फेरीचे दोन, अंतिम एक. तीन, चार, दोन, एक. बेरीज दहा.

आता हेच उत्तर एका श्वासात काढता येतं. नजर जिंकणाऱ्यावरून काढा आणि हरणाऱ्यावर ठेवा. प्रत्येक सामना एकाच संघाला घरी पाठवतो. शेवटी एक संघ उरायचा, म्हणजे दहा घरी जायला हवेत, म्हणजे सामने दहाच. अकरा असोत, सदतीस असोत की एकशे एक, संघांतून एक वजा केला की उत्तर हातात. चिठ्ठ्या कशाही निघोत, पुढे चाल कुणालाही मिळो, हा आकडा हलत नाही. शाळेत असताना मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती तरी वेळ मी वेगवेगळे आकडे घेऊन ते तपासत बसलो होतो. कुठे तरी चुकेल असं वाटत होतं. चुकलं नाही.

आणखी एक गंमत त्याच कागदात आहे. दहा सामने, प्रत्येकाचे निकाल दोन. म्हणजे तो कागद भरायच्या रीती 1,024. संध्याकाळी त्यातली एकच खरी ठरलेली असते, आणि मग सगळे म्हणतात, हे असंच होणार होतं.

बाद पद्धतीचं सौंदर्य असं लखलखीत आहे, आणि तिचा निष्ठुरपणाही तेवढाच. समजा एक संघ खरोखरच इतका चांगला आहे की कुणाशीही चार सामने खेळला तर सरासरी तीन जिंकेल. सोळा संघांत विजेता व्हायला त्याला सलग चार सामने जिंकावे लागतात. पाऊण गुणिले पाऊण, असं चारदा केलं की उत्तर येतं 256 पैकी 81. शंभरात साधारण बत्तीस. सगळ्यांत चांगला संघ तीनांपैकी दोन वेळा चषकाविना घरी जातो! त्याच्यात खोट नसते. एक घोटा मुरगळतो, एक पाय रेषेबाहेर पडतो, समोरच्या पोराला तो एक तास देवाने दिलेला असतो, आणि तेवढं पुरतं.

यावर उपाय काय? एका पराभवाची माफी द्यायची. हिशेब सोपा ठेवून बघू: दोनदा हरण्याआधी चार सामने जिंकायचे. तर त्याच संघाची शक्यता दुप्पट होते, 256 पैकी 162, शंभरात त्रेसष्ट. प्रत्यक्षात हरलेल्याला जास्तीचे सामने खेळावे लागतात, म्हणून आकडा बराच उतरतो. पण एका माफीने किती फरक पडतो, हे त्यावरून दिसतं.

ही माफी नियमातच बसवून खेळणारे लोक आहेत. अमेरिकेतल्या कॉलेजांचं बेसबॉल बघा. तिथे कॉलेजांचे गट आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. मोसमाच्या शेवटी गटाची विजेतेपदाची स्पर्धा होते, आणि जिंकणाऱ्याला बहुतेक गटांत राष्ट्रीय स्पर्धेचं दार थेट उघडतं. राष्ट्रीय स्पर्धेत 1999 पासून 64 संघ घेतात. आधी चार-चार संघांच्या सोळा ठिकाणी स्पर्धा, आणि शेवटी ओमाहा या गावी आठ संघ. 1950 पासून ती तिथेच भरते, म्हणजे त्या गावाची ती जत्राच झाली आहे. या स्पर्धांत आणि गटांच्या अनेक स्पर्धांतही दोनदा हरल्यावर बाद, अशी पद्धत असते. एकदा हरलेला संघ घरी जात नाही, हरलेल्यांच्या रांगेत जातो. तिथून झगडत जिंकत तो पुन्हा वर येऊ शकतो, अगदी अंतिम सामन्यापर्यंत.

या पद्धतीत सामने किती होतात? पुन्हा हरणाऱ्यांकडे बघा. विजेता सोडून प्रत्येक जण दोनदा हरणार. अकरा संघ असतील तर दहा दुणे वीस पराभव. विजेताही एकदा हरलेला असेल तर एकवीस. म्हणजे सामने वीस किंवा एकवीस. जे गणित रोह्याच्या पुठ्ठ्यावर चालतं, तेच अमेरिकेतल्या फलकावर.

बेसबॉलला ही माफी का लागते, त्याचं कारण त्या खेळातच आहे. तिथे चेंडू टाकणाऱ्या एका माणसाच्या हातावर सामना फिरतो. आज चांगला गोलंदाज असलेला दुबळा संघ बलाढ्याला सहज आडवा करतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये मोसमाचे 162 सामने असतात, आणि त्यातले शंभर जिंकले तर तो संघ थोर मानतात. म्हणजे थोर संघसुद्धा पाचांपैकी दोन सामने हरतोच. अशा खेळात एकाच सामन्यावर निवाडा करणं म्हणजे एका शितावरून पन्नास घरांच्या भाताची परीक्षा.

मग आमच्या पेण-रोह्याच्या पोरांना ही दुसरी संधी का नाही? व्यवहाराचं उत्तर सरळ आहे. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटांचं मध्यंतर. थांबे, वाद, दुखापती धरल्या तर एक तास. एका मैदानावर दहा सामने म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. एकवीस म्हणजे दोन दिवसांहून जास्त, आणि मग पोरांची राहण्याची सोय, जेवण, पंचांचं मानधन, बुडणारे तास.

पण मला खरं अप्रूप वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. दुसरी संधी कबड्डीने कधीच दिलेली आहे. फक्त ती भाग्यपत्रिकेवर दिसत नाही, मैदानात दिसते. बेसबॉलवाल्यांनी हरलेल्या संघाला जिवंत केलं, कबड्डीने बाद झालेल्या खेळाडूला.

हे नीट बघायचं तर रेषेपाशी बसायला हवं. मातीचं मैदान पुरुषांसाठी 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. माती चाळलेली, पाणी मारून बसवलेली, वर पांढऱ्या फक्कीच्या रेषा. रायगडात भात कापून झाला की गावोगाव अशी मैदानं तयार होतात आणि रात्री दिव्यांच्या झोतात सामने रंगतात. कॉलेजातली पोरं त्याच मातीत तयार झालेली असतात. घोटा कसा धरायचा, हे त्यांना कुणी फळ्यावर शिकवलेलं नसतं.

चढाई करणारा मध्यरेषेवर वाकून मातीला हात लावतो, हात कपाळाला नेतो आणि आत शिरतो. हातात फक्त तीस सेकंद, तोंडात अखंड कबड्डी, कबड्डी. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा. ती ओलांडली नाही आणि कुणाला स्पर्शही केला नाही, तर चढाईपटू बाद. तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सात जण हातात हात घालून अर्धवर्तुळात उभे, कोपरारक्षक दोन्ही टोकांना किंचित पुढे. पोरगा डावीकडे झुकतो, उजवा कोपरा हलतो, आणि त्या हलण्यातच संधी असते. पाय झपकन लांबतो, अंगठा पोटरीला लागतो. लगेच साखळी मिटायला लागते. तो खाली वाकतो, हातांच्या कडीखालून डुबकी मारतो, आणि पोटावर पडून बोटाची टोकं मध्यरेषेपलीकडे टेकवतो. पंच हात वर करतात. एक गुण.

सगळं मैदान त्या पोराकडे बघत असतं. पण तुम्ही तेवढ्यात बाजूला बघा, शेवटच्या रेषेमागच्या बैठकीच्या चौकटीकडे. तिथे त्याच्या संघाची बाद झालेली पोरं ओळीने बसलेली असतात. त्यातला पहिला उठतो, मांडीची माती झटकतो आणि पळत मैदानात शिरतो. जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होतो. रांग मोडत नाही. समोरचा एक मेला, म्हणून आपला एक उठला.

या नियमाचं जुनं नाव संजीवनी. शुक्राचार्यांकडे मेलेल्याला उठवणारी विद्या होती आणि ती शिकायला कच त्यांच्या घरी राहिला, ही गोष्ट ज्या मातीत पोराटोरांना माहीत असते तिथेच खेळाच्या नियमाला असं नाव सुचू शकतं. आणि तेव्हा ही एकच तऱ्हा नव्हती. कबड्डीला हुतुतू म्हणत त्या काळात तीन प्रकार खेळले जात. संजीवनीत बाद झालेला परत येई. गामिनीत तो परत येत नसे, अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये तो मैदान सोडतच नसे, गुण मोजला जाई आणि खेळ पुढे चाले. एक प्रकार मरण खरं मानणारा, एक मरणच न मानणारा, आणि एक मरणानंतर परत येण्याची वाट ठेवणारा. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले आणि स्पर्धा घेतली. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे बुवा साळवींसारख्या माणसांनी तो देशभर आणि देशाबाहेर नेण्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा वाढदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. या वाटचालीत तीनांतली संजीवनी टिकली. मला वाटतं, उगीच नाही टिकली.

कारण तिने सामन्याचा तराजू सतत हलता ठेवला. गणित बघा. एका संघाचे चार उरले आहेत, समोर सात. चारातला एक चढाईला जातो आणि दोघांना टिपून परत येतो. त्याचे दोन जिवंत झाले, समोरचे दोन गेले. चार विरुद्ध सात होतं, ते एका श्वासात सहा विरुद्ध पाच झालं. गुणफलकावर फक्त दोन चढले, पण मैदान उलटं झालं. उगीच का कबड्डीचा प्रेक्षक शेवटच्या मिनिटापर्यंत उठत नाही!

त्यात माणसं कमी झालेल्या संघाकडे नियमांचा थोडा कल आहे, तो वेगळाच. समोर सहा किंवा सात जण असतील तरच चढाईपटूला बोनसचा गुण मिळतो. म्हणजे मोडकळीला आलेल्या संघाविरुद्ध बोनस नाही. आणि तीन किंवा त्याहून कमी उरलेल्यांनी पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. तिला अव्वल पकड म्हणतात. पण जिवंत होतो एकच, कारण बादही एकच झालेला असतो. बोनसनेही कुणी उठत नाही. गुण उदारपणे मिळू शकतात, जीव मात्र जिवाच्या बदल्यातच मिळतो. हा हिशेब ज्याला पहिल्यांदा सुचला असेल त्याला मनोमन हात जोडावेसे वाटतात.

आणि याचं टोक म्हणजे लोण. सातही बाद झाले, मैदान रिकामं, समोरच्या संघाला दोन गुण जादा, शिट्ट्या, हलगी, आरडाओरडा. खेळातली याहून मोठी नामुष्की नाही. पण पुढच्याच क्षणी काय होतं? सातही जण उठतात आणि मैदानात परत येतात. एकेक जण पाच-पाच मिनिटं बाहेर बसलेला असतो, ते सगळे एकदम जिवंत. पूर्ण पराभव झाला की पूर्ण पुनर्जन्म. लोण बसल्यावरच काही संघ खेळायला लागतात, असं जुनी माणसं म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात भाबडेपणा नाही. सात जण पुन्हा उभे असतात, म्हणून ते खेळू शकतात.

तर एकाच दिवशी एकाच मैदानावर दोन कायदे चालू असतात. रेषेच्या आत संजीवनी, टेबलावरच्या कागदावर गामिनी. आत पोरगा दहा वेळा मरतो आणि दहा वेळा उठतो. बाहेर संघ एकदाच मरतो.

वरच्या पायऱ्यांवर हा दुसरा कायदा जरा सैल होतो. 1961 मध्ये भारतीय विद्यापीठांच्या क्रीडा मंडळाने कबड्डीला आपल्या खेळांत घेतलं. आज आंतरविद्यापीठ स्पर्धा देशाचे चार विभाग करून होतात. महाराष्ट्र पश्चिम विभागात. तिथे सहसा शेवटचे चार संघ उरेपर्यंत बाद पद्धत आणि मग त्या चौघांची साखळी, म्हणजे प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना. साखळीत एक पराभव पचतो. मोठ्या स्पर्धांनी हे शहाणपण अनुभवातून घेतलं आहे.

तरी ते शहाणपण पुरतंच असं नाही. 1990 मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई खेळांत आली, आणि तेव्हापासून 2014 पर्यंत पुरुषांचं सुवर्ण सातही वेळा भारताचं. 2018 मध्ये जकार्ताला भारत साखळीत दक्षिण कोरियाकडून 23-24 असा हरला. एका गुणाने. साखळी असल्यामुळे तो पराभव पोटात घालून संघ उपांत्य फेरीत पोचला. तिथे इराणने 27-18 ने हरवलं आणि पुढे वाटच नव्हती. चार दिवसांत एकाच संघाने दोन्ही कायदे बघितले. एका पराभवाने माफ केलं, दुसऱ्याने केलं नाही. सुवर्ण परत आलं ते पाच वर्षांनी, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला, आणि अंतिम सामन्यात समोर इराणच होता.

पाच वर्षांनी. यावरून रोह्याच्या त्या संध्याकाळकडे परत येतो. दिवे लागलेले असतात. कागदावरची शेवटची रेघ भरलेली असते. दहा संघांच्या नावांवर काट पडलेली, त्यांतले बरेच तर दुपारीच पांगलेले. परतीच्या गाडीत पेणची पोरं दारापाशी उभी असतात. ढोपरं खरचटलेली, पिशव्यांत माती भरलेले कपडे. कुणी तरी शेवटच्या मिनिटातली ती तिसरी चढाई पुन्हा सांगत असतो. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद. त्याने डावा कोपरा धरला असता तर, उजवा पाय आधी काढला असता तर. नागोठण्यापर्यंत तीच चढाई निदान सहा वेळा होते आणि दर वेळी तो सुटून येतो.

त्या घोळक्यात एक पोरगा पहिल्या वर्षाला असतो. तो फारसं बोलत नाही, कारण आज तो बदली खेळाडूंत बसून होता. पदवीची तीन वर्षं म्हणजे तीन भाग्यपत्रिका, पुढे शिकला तर आणखी दोन. तिसऱ्या वर्षाची पोरं आता बाहेर पडतील, आणि बाहेर पडणाऱ्यांच्या जागी रांगेतला पुढचा उठेल. अकरा संघ पुन्हा येतील, चिठ्ठ्या पुन्हा निघतील, कागदाच्या उजव्या टोकाची रेघ पुन्हा कोरी असेल. मैदानातली संजीवनी तीस सेकंदांत उठवते. कॉलेजातल्या संजीवनीला एक वर्ष लागतं.

कासू मागे पडतं. पोरगा बसल्या जागी पाय लांब करून अंगठा ताणून बघतो, बोनस रेषा किती लांब असते ते.